साल सत्तरचा हॅमर

प्रिय अहो,

मायन्यापाशीच अडले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, आता तुम्ही गेल्यावर काय मारणार? उखाण्यात काय ते दोन-तीनदा नाव घेतलं असेल, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. पलीकडचा वॉल्ट तर कितीतरी दिवस तुमचं नाव 'आहो' आहे असंच समजत होता आणि कुंपणापलीकडून तुम्हाला तशी हाकही मारायचा. तुम्ही ओ द्यायचात! तेव्हा हेच बरं.

आज लिहायला बसले कारण उद्या तुमच्या मुलाचं बारसं आहे. तुम्ही मार्चमध्ये गेलात, तो जुलैत आला, आणि आता ऑक्टोबर लागला तरी त्याला नाव नाही. अख्ख्या नेपरव्हिल गावात एवढा मोठा बिननावाचा मुलगा बहुधा आपलाच असेल.

हॉस्पिटलमध्ये एक फॉर्मवाली बाई रोज खोलीत यायची. "मिसेस लिमये, डू वी हॅव अ नेम?" मी सांगायचे, आजी इंडियाहून यायची आहे, ती आल्यावर ठेवू. तिला ते काही केल्या पटेना. शेवटी तिने 'बेबी बॉय' लिहिलं आणि गेली. अजूनही दवाखान्यात नर्स दार उघडून "बेबी बॉय लिमये!" असा पुकारा करते, आणि मी आपली डायपरची पिशवी सावरत उठते.

आईंचं सांगलीहून पत्र आलं होतं की, मी येईपर्यंत नाव ठेवू नका. तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. व्हिसाला वेळ लागला, मग त्या आल्या, विमानतळावरच बाळाला घेतलं, त्याच्या कपाळाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "माझा लेक परत आलाय. नाव त्याचंच ठेवायचं."

मी काय बोलणार होते? ज्या बाईचा मुलगा गेला तिला मी म्हणू, की नाही आई, तुमचा मुलगा परत आलेला नाही? मी गाडीत सामान ठेवलं आणि गाडी घराकडे वळवली.

पण माझं मन तयार होईना. एक तर त्या नावाने मी त्याला हाक कशी मारणार? दूध सांडलं म्हणून त्या नावाने ओरडू? शाळेची बस चुकली म्हणून त्या नावाचा उद्धार करू? आणि खरं सांगू का? तुम्ही बाळ होऊन परत यावं असं मला वाटत नाही. तुम्ही तुम्ही म्हणूनच हवे होतात. ते होणार नाही. मग हा जो आलाय त्याला निदान स्वतःचं काहीतरी असू दे की!

हे सगळं आईंना सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. शब्द तुमच्याकडे होते, आणि ते सगळे तुम्ही त्या मेल्या हॅमरवर खर्च केलेत.

हॅमर! मला त्यातलं काही कळत नाही असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. ऐका आता. ते गाडीचं नाव नव्हे, इंजिनाचं. कंपनीने सत्तरच्या आसपास एक दांडगं इंजिन काढलं आणि त्याचं नाव ठेवलं हॅमर. ते इतकं गाजलं की पोरं भिंतीवर त्याची चित्रं लावायची. मग पेट्रोल महागलं, धुराचे कायदे आले, आणि ते इंजिन बंद पडलं. पण नावाला थोडंच पेट्रोल लागतं? सत्तरच्या दशकाच्या शेवटी कंपनीने तेच नाव एका मरगळलेल्या इंजिनाला चिकटवलं. आणि मधे थोडी वर्षं जाऊ देऊन, पंच्याऐंशी साली तिसऱ्याच एका इंजिनाला. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही. बरोबर सांगितलं ना?

तुमची सत्तरची. शेवाळी रंगाची, दार लावलं की अख्खी खिडकी थरथरणारी. ती तुम्ही घरी आणलीत त्या दिवशी मला वाटलं होतं आपण सोफा आणायला गेलो होतो. सोफ्याचे पैसे इंजिनात गेले आणि आम्ही सगळे पाहुण्यांसकट गालिच्यावर बसलो. त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, नोंद असू द्या.

दर रविवारी तुम्ही सुट्या भागांच्या दुकानात जायचात आणि चुकीचा भाग घेऊन यायचात. काउंटरवरच्या पोऱ्याला तुम्ही 'हॅमर' म्हणायचं, त्याने त्याच्या डोक्यातला हॅमर काढून द्यायचा. मग परत जायचं. एकदा असेच हात काळे करून पानावर बसलात आणि म्हणालात, "नीला, नाव सांगून काही उपयोग नाही गं. साल सांगावं लागतं." मी म्हटलं, आधी हात धुवा.

आणि तो शोरूमचा शनिवार? नवा हॅमर आला म्हणून मला चांगली साडी नेसवून नेलंत, एखाद्याच्या मुंजीला जावं तसं. सेल्समनने बॉनेट उघडलं. तुम्ही वाकून बघितलंत, बराच वेळ बघितलंत. तो म्हणाला, "सर, द लेजंड इज बॅक!" तुम्ही म्हणालात, "नो. द नेम इज बॅक." त्याचा चेहरा पडला आणि मला त्याची दया आली.

परतताना मी तुम्हाला चिडवलं, की काय हो, हातोडा म्हणून दाखवला आणि अडकित्ता निघाला वाटतं! मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही म्हणालात, "अगं, इंजिन चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. फक्त त्या बिचाऱ्याला स्वतःचं नाव नाही. आता जो तो बॉनेट उघडणार आणि म्हणणार, पूर्वीची मजा नाही."

हे वाक्य तेव्हा माझ्या एका कानातून गेलं होतं. आई विमानतळावर जे बोलल्या, ते ऐकल्यावर दुसऱ्या कानाने परत आलं.

गणपतीच्या वेळची गंमत तर मंडळात अजून सांगतात. मंडळातल्या डॉक्टरकाकांनी नव्या हॅमरची गाडी घेतली होती. पार्किंगमध्ये तुमच्या खांद्यावर हात टाकून ते कौतुकाने म्हणाले, "आता तुझी नि माझी सेम!" दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोदक खायला आत आला असता. तुम्ही त्यांना सेम का नाही हे समजावून सांगत बसलात, आणि आत आरती तुमच्यासाठी थांबली. काका वर्षभर तुमच्याशी तुटक बोलत होते. तुम्हाला ॲटॅक आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये सगळ्यांच्या आधी तेच पोचले होते, हे तुम्हाला कळलं का? गाडीचं तेल दर रविवारी काडी बुडवून बघणारा माणूस काकांकडे एकदा ब्लड प्रेशर दाखवायला जाऊ शकला नाही! किती वेळा म्हटलं होतं मी. बघू, बघू. बघितलंत?

असो. रडगाणं गायला बसलेले नाही.

तुम्ही गेलात तेव्हा इंजिन अर्धं उघडं होतं. साफ केलेले भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आणि सगळ्यावर माझी निळी चादर, जी मी घरभर शोधत होते. तुमचे ग्रीसचे बूट गॅरेजच्या दाराशी तसेच होते. मी ते हलवले नाहीत. आई आल्यावर त्यांना ते एकदा दिसले, आणि मग त्या गॅरेजचं दार उघडायलाही तयार नसायच्या.

सुधीर भावोजींनी मनावर घेतलं. ऑफिसात टेबलाला टेबल लावून काम केलेला तुमचा मित्र, त्यांना राहवेना. म्हणाले, "वहिनी, बारशाच्या आधी गाडी स्टार्ट करू. तो असता ना, तर त्याने पाळण्याच्या गाण्याआधी पोराला हॅमर ऐकवला असता, यार." मी हो म्हटलं. ते दर शनिवारी सकाळी यायचे, डबा आणायचे, आणि खरं म्हणजे गॅरेजमध्ये बसून तुमच्या वस्तू हाताळायचे. मी चहा नेऊन द्यायचे आणि दार लोटून घ्यायचे.

घरात मात्र आई बाळाला तुमच्या नावाने हाक मारू लागल्या होत्या. आधी हळू, अंघोळ घालताना, टाळू भरताना. मी स्वयंपाकघरात असले की थोडी मोठ्याने. मी नळ मोठा सोडायचे.

मग एका दुपारी त्यांनी थालीपीठ लावलं होतं. पहिलं तव्यावरून काढलं, त्यावर लोणी घातलं आणि वळून तुमच्या नावाने हाक दिली, "अरे, पान वाढलंय, ये लवकर!" बाळाला मारतात तशी नाही. सांगलीच्या घरात माडीवर ऐकू जावी तशी, पूर्ण आवाजात. आणि हात थांबवून त्या वाट बघत राहिल्या. त्या खरंच वाट बघत होत्या हो! जिन्यावर पाय वाजण्याची.

आतून बाळ दचकून रडायला लागलं. आई म्हणाल्या, "चुकून गेली हाक." मी तव्याखालचा गॅस बंद केला. ते थालीपीठ आम्ही दोघींनी अर्धं-अर्धं खाल्लं, टाकवेना म्हणून.

गेल्या शनिवारी भावोजींनी मागवलेलं खोकं आलं. आत इनटेक मॅनिफोल्ड होतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सिलिंडरना हवा आणि पेट्रोल वाटून देणारं ते मधलं ॲल्युमिनियमचं धूड. तुम्हाला तुमचं तडकलेलं बदलायचं होतं ना, तेच. नवंकोरं, चकचकीत, वर इंग्रजी अक्षरांत 'हॅमर' कोरलेलं. भावोजी इतके खूश झाले की मला हाक मारली. मी आईंनाही म्हटलं, चला, नाही तर बाळाला घेऊन एकट्याच आत बसाल. काय वाटलं कुणास ठाऊक, त्या बाळाला शालीत गुंडाळून आल्या. बुटांपाशी क्षणभर थांबल्या, मग त्यांना वळसा घालून आत आल्या.

भावोजींनी ते धूड इंजिनावर ठेवलं. एका बाजूची भोकं जुळली नाहीत. त्यांनी ते फिरवून ठेवलं. मग उचलून, पुसून, परत ठेवलं. दुसऱ्या बाजूला तर मधे चांगलं बोटभर अंतर राहत होतं.

"असं कसं?" ते म्हणाले. "मी फोनवर क्लिअरली हॅमर सांगितलं होतं."

"साल सांगितलंत का?" मी विचारलं.

"त्यांनी इयर विचारलं, मी म्हटलं लेटेस्ट द्या. लेटेस्ट म्हणजे इम्प्रूव्ह्ड असणार ना, वहिनी!"

अहो, मला हसू आवरेना. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी अशी हसले. डॉक्टरकाकांच्या गाडीवरून तुम्ही या माणसालाही इतकं व्याख्यान दिलं होतंत, आणि त्याने नेमकं हेच करावं! भावोजी आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले.

आई हसत नव्हत्या. त्या त्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत होत्या. त्यांनी जुन्या इंजिनाच्या झाकणावरची अक्षरं बघितली, मग नव्यावरची. "दोन्हीकडे एकच लिहिलंय ना?"

"हो काकू. नाव सेम आहे. पण फिट होत नाही. वेगळंच इंजिन आहे ते."

"मग नाव तरी कशाला तेच दिलं मेल्यांनी?"

भावोजी सहज बोलून गेले. "काकू, लोकांना जुन्याची आठवण असते ना. नाव ऐकलं की वाटतं, तेच परत आलं."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच काय ते कळलं, आणि ते स्क्रू शोधायला खाली वाकले. आईंनी शाल सारखी केली. बाळ जागं होतं आणि ट्यूबलाइटकडे बघत होतं. आई त्याच्याकडे बघत राहिल्या. कपाळाचा वास घेतला नाही, नुसतं बघितलं, नवीन माणसाला बघतात तसं. मग म्हणाल्या, "ह्याचे कान कोणावर गेलेत गं? आमच्यात असे कान नाहीत कोणाचे."

"माझ्या बाबांवर," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला आपल्या लग्नातली गोष्ट आठवली. तांदळाच्या ताटात अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहायचं होतं. आईंनी माझ्यासाठी नाव काढून ठेवलं होतं, त्यांच्या गेलेल्या नणंदेचं, त्यांना ती फार आवडायची म्हणून. भटजींनी ताट पुढे सरकवलं आणि तुम्ही तांदळात सरळ 'नीला' लिहिलंत. सगळे थांबले. तुम्ही म्हणालात, "हिला हिचं नाव आहे की." आई जेवल्या नव्हत्या त्या दिवशी. आणि मला तेव्हा वाटलं होतं, बरा दिसतोय हा माणूस.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी वाती वळत होते. आई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मनात काय नाव आहे?"

"समीर."

"इथल्या लोकांना म्हणता येईल?"

"येईल."

"मग पूर्ण नाव म्हणून दाखव बघू. कसं वाटतं ते ऐकू दे."

मी समीर म्हटलं आणि थांबले. पुढे तुमचं नाव येत होतं. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं, हे मी काय आज शिकणार होते? पण तोपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईंच्या मनासारखं झालं असतं तर त्याच्या नावात तुम्ही दोनदा आला असतात, एकापुढे एक, तोतरं बोलल्यासारखे.

"म्हण की," आई म्हणाल्या. "मुलाचं नाव सांगताना बापाचं घ्यायला कोण अडवतंय तुला?"

मी म्हटलं. उखाणा नाही, काही नाही. नुसतं म्हटलं. पहिलं त्याचं, मग तुमचं, मग आडनाव.

आईंनी माझ्यापुढचा कापूस ओढून एक वात वळली. मग म्हणाल्या, "आहेच की तो मधे. मी उगाच त्याला पुढे ढकलत होते." आणि मग आम्ही दोघी रडलो. व्यवस्थित रडलो, वाती तशाच टाकून. तुम्ही गेल्यापासून आम्ही एकत्र रडलोच नव्हतो. त्या तिकडे रडल्या होत्या आणि मी इकडे.

तर असं ठरलंय. उद्या सुधीर भावोजींच्या बायकोला आत्या व्हायला सांगितलंय, ती कानात नाव सांगेल आणि पाठीत धपाटे खाईल. डॉक्टरकाका पाळण्याची फुलं आणणार आहेत. गाडी सुरू होणार नाही. भावोजींनी परत फोन केला आणि या वेळी आधी "नाइन्टीन सेव्हन्टी" म्हणाले, मग हॅमर. योग्य भाग यायला थँक्सगिव्हिंग उजाडेल. उद्या पाहुणे येतील तेव्हा ती बॉनेट उघडं टाकून उभी असेल आणि सगळे आत डोकावून जातील. जाऊ देत. बूट आईंनी काल पुसून कपाटात ठेवले.

आता माझं वचन ऐका.

त्याला मी 'बाबांसारखा हो' असं कधी म्हणणार नाही. कोणी आत डोकावून म्हणालं की बापाची मजा नाही, तर मी तुमच्यापेक्षा मोठं व्याख्यान देईन, आरती थांबली तरी चालेल. त्याला इंजिनं आवडली तर गॅरेज आहे. नाही आवडली तर गॅरेजमध्ये सोफा ठेवू.

आणि दुसरं. सोमवारी मी त्याच्या नावाची नोंद करायला जाणार आहे. इथल्या लोकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. मधल्या नावाला एकच चौकोन, त्यात एकच अक्षर, पुढे टिंब. तुमचंही त्यांनी तसंच केलं होतं, आणि तुम्ही इतके हट्टी असून चालवून घेतलंत. मी नाही चालवून घेणार. चौकोन पुरला नाही तर मी बाहेर लिहीन. दवाखान्यात, शाळेत, जिथे जिथे त्याचं नाव पुकारलं जाईल, तिथे ते मधलं पूर्ण म्हणायला लावीन. त्यांना नीट म्हणता आलं नाही तर मी म्हणून दाखवीन. मला आता येतं.

समीर ए. लिमये नाही.

समीर अरविंद लिमये.

बघा, लिहिलंसुद्धा.

तुम्ही तांदळात लिहिलेली तीच,
नीला